आधी ताप उतरू दे

"थांबा म्हणलालेत." मामेभावानं फोनवर एवढंच सांगितलं आणि मग बराच वेळ तो काही बोललाच नाही. मागून मॉनिटरचा टिंगटिंग आवाज येत होता, कुणीतरी चपला घासत चाललं होतं, कुणीतरी कन्नडमधून मोठ्यानं हिशेब सांगत होतं. मामाच्या छातीतली मुख्य धमनी आतून फाटलीय हे आम्हाला आदल्या रात्री कळलं होतं. त्यावर इलाज आहे, तो जांघेतल्या धमनीतून तार सरकवून, आत कापडाची नळी बसवून करता येतो, छाती उघडावी लागत नाही, हेही कळलं होतं. पैशाचं कसं करायचं याची कुजबूजही सुरू झाली होती. मग थांबायचं कशाला? त्यावर डॉक्टरांनी दिलेलं उत्तर मामेभावानं मला जसंच्या तसं ऐकवलं. "आधी ताप उतरू दे." हे वाक्य माझ्या डोक्यात जे रुतून बसलं ते बसलंच. महाधमनी फाटलेल्या माणसाचा ताप कोण बघत बसतं?

मामा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग बंद पडला की पहिली हाक त्यालाच. आयुष्य खडखडाटात गेल्यामुळं त्याला ऐकू कमी येतं आणि घरातही तो मागापलीकडच्या माणसाशी बोलावं इतक्या चढ्या आवाजात बोलतो. लहानपणी मी त्याचा डबा घेऊन जायचो. पत्र्याखालची ती दमट ऊब, खळीचा आंबूस वास, भुवयांवर आणि कानाच्या पाळ्यांवर बसलेली कापसाची पांढरी लव. कारखान्यात तो अनवाणीच फिरायचा. पायाखाली तेल सांडलंय की सूत तुटून पडलंय, ते तळव्याला कळतं म्हणायचा. पुढं साखर लागली आणि तळव्याला कळायचंच बंद झालं. उजव्या अंगठ्याला काहीतरी लागलं, चिघळलं. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम आणि वर टॉवेलच्या काठाची चिंधी, एवढ्यावर ते चाललं होतं. ब्लड प्रेशरची गोळी त्यानं स्वतःच्या अकलेनं बंद केलेली. दुखत नाही तर गोळी कशाला, हा त्याचा हिशेब. अंगठाही दुखत नव्हता. ज्या दोन गोष्टींनी त्याला जवळजवळ नेलं, त्या दोन्ही दुखत नव्हत्या.

दुखलं ते एकदम. संध्याकाळी चहाचा कप हातात होता आणि पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, टर्रकन काहीतरी फाटलं. हे त्याचे शब्द. "आवाज आला बे मला," असं तो आजही छातीठोक सांगतो. आवाज यायचं कारण नाही, पण या दुखण्याचे रुग्ण फाटल्यासारखं, चिरत गेल्यासारखं दुखलं असं सांगतात, ही त्यातली ओळखीची खूणच आहे. कळ पाठीतून कमरेकडं सरकली. हार्ट अटॅक म्हणून रिक्षातून नेलं, ईसीजीत फारसं काही निघालं नाही. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांचं प्रेशर घेतलं, छातीचा फोटो बघितला आणि सीटी अँजिओ, म्हणजे धमन्या दाखवणारं स्कॅन, करायला लावलं. माझ्या मते मामा वाचला तो तिथंच. हे दुखणं हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करायच्या औषधांचा मारा केला, तर ते अंगाशी येतं.

त्या सीटीचं चित्र मी नंतर निवांत बघितलं. महाधमनीची भिंत तीन पदरांची असते. सगळ्यात आतल्या पदराला चीर पडली की रक्त त्या चिरेतून भिंतीतच शिरतं आणि पदर सोलत पुढं जातं. कोटाच्या बाहीत हात घालताना बोटं अस्तराच्या फाटक्या जागेत शिरतात आणि हात बाहीऐवजी अस्तर नि कापड यांच्या मधे जात राहतो, तसं. चित्रात एका धमनीच्या जागी दोन वाटा दिसत होत्या, मधे पातळ वाकडी रेघ. एक खरी वाट आणि एक खोटी. बऱ्याचदा खोटीच जास्त रुंद असते, आणि तिच्या फुगवट्यानं खरी दबत जाते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली सकाळी शौचाला गेला तो तिथंच कोसळला. त्याच्या शवविच्छेदनात महाधमनीला पडलेली चीर सापडली, तिची नोंद झाली आणि वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराची गोष्ट बहुतेक त्या राजापासून सुरू होते. चीर हृदयाच्या अगदी जवळ, वर चढणाऱ्या भागात असेल, तर तिला ए प्रकार म्हणतात. तिथं ताबडतोब छाती उघडावी लागते, तासातासाला धोका वाढत जातो. चढणारा भाग सुटला असेल, तर बी प्रकार. त्यात पहिला इलाज औषधांचाच. शिरेतून औषध देऊन नाडी साठच्या आसपास आणि वरचं प्रेशर १२० च्या खाली आणायचं, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा तडाखा कमी होतो आणि चीर पुढं सरकत नाही. मामाचा बी प्रकार. मॉनिटरवर वरचा आकडा दोनशेच्या पुढून उतरताना मामेभावानं बघितला होता, म्हणून तर त्याला वाटलं, आता प्रेशर आटोक्यात आलंय, मग चला, बसवा ती नळी.

पण ताप होता. १०२.

यात खरी पंचाईत अशी, की धमनी फाटल्यामुळंही ताप येतो. भिंतीत शिरलेल्या रक्तानं अंगात दाह उठतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी हा रक्तातला दाहाचा आकडा वाढतो, डाव्या फुप्फुसाभोवती थोडं पाणी धरतं. म्हणजे ताप नुसता आजाराचा की जंतूंचा, हे अंगाला हात लावून कळत नाही. म्हणून रक्त वेगवेगळ्या जागांवरून काढून कल्चरला पाठवलं, बाटलीत जंतू वाढतात का ते बघायला. अंगठ्यावरची चिंधी सोडवली तेव्हा नर्सबाईंनी मामीकडं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांत वाढ दिसायला लागली. स्टॅफिलोकोकस ऑरियस. जखमेत राहणारा, पू करणारा, आणि रक्तात शिरला की झडपांवर नि हाडांत जाऊन बसणारा हा जंतू. मग हृदयाचा एको, झडपांवर काही चिकटलंय का ते बघायला. अंगठा उघडून साफ केला, मेलेलं मांस काढलं. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. आणि दर दोन दिवसांनी पुन्हा कल्चर.

मी बँकेत नोकरीला. रात्री दवाखान्यात झोपायची पाळी अधूनमधून माझ्याकडं यायची. सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा ही एक वेगळीच वस्ती असते. धाराशिवचे, कलबुर्गीचे, विजयपूरचे लोक सतरंज्या टाकून पडलेले. एकाच घोळक्यात तेलुगू, कन्नड, दखनी आणि आपली मराठी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुणाच्याही फडक्यातून कुणाच्याही पुढं येते. इथं कुणी कुणाला जात विचारत नाही, बेड नंबर विचारतात. मामेभाऊ सगळ्यांना सांगत सुटला होता, "धमनी फाटलीया आन् हे तापाच्या गोळ्या देऊन बसलेत." लोक चुकचुकत होते, दुसऱ्या दवाखान्यांची नावं सुचवत होते. एकजण म्हणाला, पुण्याला हलवा. अडीचशे किलोमीटर. त्या धमनीसकट टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणच्या रस्त्यानं. मी गप्प राहिलो. मामेभावाचं मला पटत होतं आणि डॉक्टरांचंही पटत होतं. असल्या वेळी आपण कुणाच्याच कामाचे नसतो.

पुढं एकदा डॉक्टर ओपीडी आटोपून निवांत सापडले. त्यांच्या टेबलावर कंपनीच्या माणसानं ठेवलेला नमुना होता. बारीक तारेच्या नागमोडी कड्या आणि त्यावर ताणून शिवलेलं पांढरं कापड. करंगळीएवढ्या जाडीत दुमडून आत जातं आणि धमनीत सोडलं की आपसूक उघडतं. हे कापड चिरेच्या तोंडावर बसलं की खोट्या वाटेचं रक्त तुटतं, तिथं हळूहळू गुठळी होते आणि खऱ्या वाटेला जागा मिळते. "आता बघा," डॉक्टर म्हणाले, "हे विणलेलं पॉलिस्टर आहे. याला स्वतःचं रक्त नाही, पेशी नाहीत. अंगात जंतू फिरत असताना हे आत घातलं आणि एक जंतू जरी धाग्यावर बसला, तर तो तिथं चिकट थर करून राहतो. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही, शरीराच्या पेशींचंही काही चालत नाही. मग ते कापड काढायला छाती उघडावी लागते. जी शस्त्रक्रिया टाळायला म्हणून हे बसवलं, तीच करायची, आणि तीसुद्धा सडलेल्या जागेत."

आणि वाट बघता बघता धमनी फुटली तर? हे मी विचारलं. ते म्हणाले, "तर मी ताप बघणार नाही. फुटायला लागली, पोटाचा किंवा पायाचा किंवा किडनीचा रक्तपुरवठा तुटला, तर त्याच रात्री घालणार. जंतूंशी नंतर भांडू. आज तसं नाहीये." याहून वाईट प्रसंग म्हणजे जंतू धमनीच्या भिंतीतच घर करून बसलेला असतो आणि भिंत त्यानंच पोखरलेली असते. तेव्हा वरून कापड घालणं म्हणजे घाण आत ठेवून गिलावा करणं. तरीही तसं करावं लागतं, कारण छाती उघडणं त्या माणसाला झेपणारं नसतं. युरोपातल्या १६ केंद्रांनी जंतूंमुळं फुगलेल्या महाधमनीत अशी नळी बसवलेल्या १२३ रुग्णांचा हिशेब २०१४ साली मांडला. महिन्यानंतर दहातले नऊ जिवंत होते, पाच वर्षांनंतर निम्म्याहून थोडे जास्त. आणि एकूण रुग्णांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा पुढं जंतुसंसर्गाच्याच गुंतागुंतीनं गेला. मामाचं दुखणं त्या जातीचं नव्हतं. पण हे आकडे वाचल्यावर "आधी ताप उतरू दे" हे वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं.

या कापडाची गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी धमनीच्या जागी घालायला कापड शोधत होते. दुकानात नायलॉन घ्यायला गेले, ते संपलेलं. विक्रेत्यानं डेक्रॉन नावाचं नवं पॉलिस्टर कापड पुढं केलं. डीबेकींना लहानपणी आईनं शिवणकाम शिकवलेलं. त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या. फाटलेल्या महाधमनीवरच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. छाती न उघडता धमनीतूनच नळी सरकवून छातीतल्या महाधमनीत बसवायचं काम १९८७ मध्ये खारकीव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी केलं, पण सोव्हिएत मुलखातलं ते काम बाहेर लवकर पोचलं नाही. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदींनी पोटातल्या महाधमनीसाठी तेच केलं आणि जग जागं झालं. फाटलेल्या धमनीत हा उपाय केल्याचे दोन वृत्तान्त १९९९ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. आणि डीबेकींचं काय झालं? २००५ च्या शेवटच्या दिवशी, ९७ व्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली. कळ आल्याबरोबर काय झालंय ते त्यांना समजलं होतं म्हणतात. आधी त्यांना शस्त्रक्रिया नको होती. शेवटी फेब्रुवारी २००६ मध्ये ती झाली, डेक्रॉनचीच नळी घातली, आणि ते ९९ वर्षांचे होऊन २००८ साली गेले.

ही गोष्ट मी मामाला सांगितली तेव्हा तो बसता झाला होता. डॉक्टरांकडून तो नमुना मी थोड्या वेळासाठी मागून आणला होता. मामानं आधी चष्मा मागितला. मग नमुना खिडकीच्या उजेडात धरून कापड अंगठा आणि तर्जनीत धरलं, हळूच चोळलं, उलट्या बाजूनं नख फिरवून बघितलं. टॉवेलचा ठोक व्यापारी माल बघतो तसं नाही, जॉबर बघतो तसं. कुठं धागा सुटलाय, कुठं वीण सैल आहे. "घट्ट आहे," तो म्हणाला. "ताणा बारीक आहे. आमच्याकडं एवढी घट्ट वीण धरली तर माग बोंबलंल." मग नमुना मला परत देत म्हणाला, "जन्मभर कॉटन विणलं आणि छातीत पॉलिस्टर." मामी पदर तोंडाला लावून हसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

कल्चर एकदा स्वच्छ आलं. पुन्हा घेतलं, तेही स्वच्छ. ताप उतरला. तेवढ्यात पाठीत पुन्हा कळ आली, प्रेशर चार औषधांना दाद देईना, सीटीत खोटी वाट आधीपेक्षा रुंद दिसली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. सीटीवरून मापं घेतलेलीच होती, त्या मापाची नळी पुण्याहून आली. शस्त्रक्रियेचं फार सांगण्यासारखं नाही, कारण आम्ही बाहेर होतो. नंतरचं सांगतो. मामाला शुद्ध आल्याबरोबर डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल तर "पाय हलवा." महाधमनीच्या त्या भागातून मज्जारज्जूला रक्त जातं, ते तुटलं तर पाय जातात, म्हणून तासातासाला कुणी ना कुणी येऊन पाय हलवायला लावायचं. मामा बँडेज बांधलेला अंगठा मुद्दाम हलवून दाखवायचा. चिरेचं तोंड नीट झाकायला डाव्या हाताच्या धमनीचं मूळही कापडाखाली घ्यावं लागलं होतं. हात गरम आहे, काम करतो, पण डाव्या मनगटाची नाडी अजून मंद लागते, आणि ब्लड प्रेशर आता कायम उजव्याच हाताचं घ्यायचं. गल्लीतल्या डॉक्टरांना हे मामी दर वेळी बजावते.

मग तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप. मामेभावाचा चेहरा बघवत नव्हता. नळी बसवल्यावर पुष्कळ जणांना काही दिवस असा ताप येतो, कापड आणि गुठळी यांना शरीरानं दिलेली ती प्रतिक्रिया असते, जंतू असतीलच असं नाही. पण हे सांगणारा माणूस आणि ऐकणारा माणूस यांत फरक असतो. पुन्हा बाटल्या, पुन्हा वाट. काही वाढलं नाही. ताप आपणहून गेला. अँटिबायोटिक मात्र दंडातून घातलेल्या लांब नळीतून आठवड्यांमागं आठवडे चालू राहिलं.

मामेभाऊ अजूनही म्हणतो, पहिल्याच दिवशी बसवायला पाहिजे होतं, नशीब म्हणून निभावलं. निभावलं हे खरं आहे. त्या दिवसांत धमनी फुटली असती तर आज मी हे असलं शहाणपणाचं लिहीत बसलो नसतो, हेही खरं. पण तो त्या दिवसांना रिकामे दिवस म्हणतो, ते मला मान्य नाही. अंगठा साफ झाला, रक्त साफ झालं, माप घेऊन ठेवलं, प्रेशर दर काही मिनिटांनी बघितलं जात होतं, आणि गडबड दिसल्याबरोबर हात चालले. माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. "थांबा" या एका शब्दात एवढं सगळं आहे, हे व्हरांड्यात बसलेल्या आम्हाला कुणी चार वाक्यांत आधी सांगितलं असतं, तर त्या पोराच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो, हे दिसत होतंच. एका वेळी व्हरांड्यात तीन राज्यांएवढे नातेवाईक.

मामा आता कामावर जात नाही, पण कारखान्यात चक्कर मारतो, चपला घालून. तरुण मागवाल्यांचे पाय बघतो आणि शिव्या घालतो. गोळ्या नेमानं घेतो. वर्षाकाठी एक सीटी. परवा त्याची दाढ सुजली, जन्मभराच्या तंबाखूचा हिशेब. मामीनं दाताच्या डॉक्टरांपुढं आधी फाईल ठेवली आणि मगच त्याला खुर्चीत बसू दिलं. तोंडातले जंतू रक्तात जातात हे तिला आता कुणी शिकवायला नको. दातवाल्यांनी हृदयवाल्यांना फोन लावला, आणि ठरलं की सूज आधी औषधानं उतरवायची, दाढ मग काढायची. मामेभावाचा मला फोन आला तेव्हा मी नवी पेठेत होतो, हातात भाजीची पिशवी. "परत थांबा म्हणलालेत की," तो म्हणाला. मागून मामाचा चढा आवाज आला, "दाढ माझी आहे का तुझी बे?"